स्टेट ॲट्रिब्यूट की ट्रान्झिशन ॲट्रिब्यूट? एसटी-सिममध्ये आकडा कशाला चिकटवायचा

सिंक्रोसिम या सॉफ्टवेअरमधलं एसटी-सिम (जमीन वर्षागणिक कशी बदलते याचं मॉडेल चालवणारं पॅकेज) चालवलं की कुठल्या सेलमध्ये, म्हणजे जमिनीच्या तुकड्यात, जंगल राहिलं, कुठे आग लागली, कुठे तोड झाली ते सगळं मिळतं, पण आपल्याला हवा असतो स्वतःचा निर्देशक, म्हणजे कार्बन किती, एखाद्या पक्ष्याला राहण्याजोगी जागा किती, लाकूड किती निघालं, खर्च किती आला. त्यासाठी स्टेट ॲट्रिब्यूट आणि ट्रान्झिशन ॲट्रिब्यूट असे दोन प्रकार आहेत, आणि दोन्हींचे तक्ते दिसायला इतके सारखे की माणूस कुठेही आकडे भरून मोकळा होतो. सॉफ्टवेअर काही ओरडत नाही, आउटपुट येतं आणि तेही छान दिसतं.

स्टेट ॲट्रिब्यूट म्हणजे सेल आत्ता जसा आहे त्याचा आकडा. स्टेट क्लास (सेलची अवस्था, जसं जंगल किंवा जळालेलं) आणि वय बघून दर हेक्टरी किती ते सांगायचं. समजा ६० वर्षांपुढच्या जंगलाला हेक्टरी १५० टन कार्बन दिला (आकडा नुसता उदाहरणाला) आणि एखाद्या वर्षी असं जंगल ६०० हेक्टर आहे, तर त्याचे झाले ९०,००० टन. पुढच्या वर्षी काहीच घडलं नाही तरी हा आकडा परत तेवढाच येणार, कारण तो साठा आहे.

ट्रान्झिशन ॲट्रिब्यूट घटनेला, म्हणजे आग किंवा तोड अशा ट्रान्झिशनला चिकटतं. तोड झाली तर हेक्टरी २०० घनमीटर लाकूड, असं लिहिलं आणि त्या वर्षी २५ हेक्टर तोडलं की ५,००० घनमीटर. पुढच्या वर्षी तोडच नाही? मग शून्य, जंगल कितीही दाट असो.

आता घोळ कुठे होतो बघा. आग विझवायचा खर्च "जळालेलं" या स्टेट क्लासला लावला आणि सेल पाच वर्षं जळालेल्याच क्लासमध्ये राहिला, टाइमस्टेप (मॉडेल पुढे सरकण्याचा एक टप्पा) वर्षाचा असेल तर एकाच आगीचा खर्च पाचदा मोजला जातो. उलट बाजूची चूक आणखी छुपी आहे. अधिवास ट्रान्झिशनला लावला, तोडीला उणे आकडा दिला, की नुकसान तेवढं दिसतं पण नंतर जंगल शांतपणे वयात येतं त्याची कुठेच नोंद होत नाही, कारण नुसतं वय वाढणं हे ट्रान्झिशन नाही. अशा निर्देशकावरून अधिवास कायम घटतच चाललाय असं वाटेल!

बेरजेचंही तसंच. पन्नास वर्षांचं लाकूड बेरीज करून सांगता येतं, पन्नास वर्षांचा कार्बन साठा बेरीज करून जो आकडा येतो त्याला काही अर्थच नाही, तिथे शेवटच्या वर्षाचा आकडा किंवा दोन वर्षांतला फरक सांगायचा.

ट्रान्झिशन ॲट्रिब्यूटवर टार्गेटही लावता येतं, म्हणजे दरवर्षी साधारण ५,००० घनमीटर लाकूड निघालं पाहिजे असं सांगितलं की मॉडेल तोडीचं प्रमाण त्या हिशोबाने कमीजास्त करतं. हे मला फार उपयोगाचं वाटतं, कारण नियोजनवाले बऱ्याचदा हेक्टरात बोलतच नाहीत.

कार्बन मात्र दोन्हीकडे येऊ शकतो, उभ्या जंगलातला साठा स्टेटला आणि आगीत हवेत गेलेला ट्रान्झिशनला, फक्त दोन्ही एका आलेखात एकावर एक रचू नका. एका कप्प्यातून दुसऱ्यात किती कार्बन गेला इतकं बारीक हवं असेल तर ॲट्रिब्यूटच्या मागे न लागता स्टॉक-फ्लोची वेगळी सोय आहे ती वापरा.

आणि हो, व्याख्या केली, आकडे भरले, तरी रिझल्टमध्ये काहीच दिसत नसेल तर आधी आउटपुट ऑप्शन्स उघडा, तिथे दोन्हींचं आउटपुट वेगवेगळं चालू करावं लागतं.