बिजासनच्या टेकडीपासून: विमानप्रवाशाच्या वैतागामागचा इतिहास

दिवाळी जवळ आली की इंदूरच्या मराठी घरांत हमखास एक विषय निघतो. पोरं पुण्यात नोकरीला, आई-बाबा सुदामानगरात नाहीतर रामबागेत, आणि मधल्या तासा-सव्वा तासाच्या उड्डाणाचं तिकीट रोज वेगळा आकडा दाखवतं. त्यात काउंटरवर बॅग दोन किलो जास्त भरते, विमान उशिरा सुटतं, आत चहा घ्यायचा तर खिशाकडे बघावं लागतं. ‘नुसती लूट चालली आहे’ असं म्हणून विषय संपतो. राग खराच आहे. पण लूट म्हटली की कोणीतरी लपूनछपून काही करतंय असं वाटतं, आणि इथे तर जवळजवळ सगळं उजेडात, नियमात बसवून केलेलं आहे. कुठला त्रास कुठल्या निर्णयातून आला ते कळलं, तर राग निदान योग्य माणसावर काढता येईल. काउंटरवरच्या पोरीवर काढून उपयोग नाही.

इंदूरला विमान तसं लवकर आलं. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला विमान आणलं, ते टपालाच्या थैल्या घेऊन. त्या सेवेला पहिल्या वर्षभरात मिळून १५५ प्रवासी लाभले. टपाल हे मुख्य गिऱ्हाईक, जागा उरली तर माणूस. होळकर संस्थानात विमानतळासाठी बिजासन टेकडीजवळची जागा टाटांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या सल्ल्याने १९३५ मध्ये निवडली गेली आणि १९३७ साली इंदूर एकीकडे मुंबईशी, दुसरीकडे ग्वाल्हेर-दिल्लीशी हवाईमार्गाने जोडलं गेलं. योगायोग असा की देशाची ‘विमान नियम’ ही नियमावलीही १९३७ चीच, आणि आजच्या भाड्याची कायदेशीर मेख तिच्यातच आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

१९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. देशांतर्गत वाहतूक करणाऱ्या आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली, परदेशची उड्डाणं एअर इंडियाकडे गेली. पुढची चाळीस वर्षं देशात विमान म्हणजे व्यवहारात एकच कंपनी. त्या काळाच्या आठवणी काढताना लोक ट्रेमधून आलेलं जेवण आणि गोळ्या-चॉकलेटं सांगतात. पण सांगणारे कोण ते बघा: बँकेचे मोठे साहेब, कापड गिरण्यांचे मालक, सरकारी खर्चाने जाणारे अधिकारी. नंदलालपुऱ्यातला दुकानदार किंवा शाळामास्तर विमानात नव्हताच. त्यामुळे ‘पूर्वी किती छान होतं’ या म्हणण्यात फारसा अर्थ नाही. भाडं मात्र सरकारच्या संमतीने ठरायचं आणि ते सगळ्यांना सारखं कळायचं, एवढं त्या काळाचं मान्य करावं लागेल.

नव्वदीच्या सुरुवातीला खासगी कंपन्यांना एअर टॅक्सी म्हणून वाट मिळाली. १९९४ मध्ये १९५३ चा कायदा रद्द झाला आणि भाडं ठरवण्याचा अधिकार कंपन्यांकडे गेला. विमान नियमांतला १३५ वा नियम सांगतो की कंपनीने खर्च, सेवेचं स्वरूप, वाजवी नफा आणि प्रचलित दर बघून भाडं ठरवावं. ‘वाजवी’ म्हणजे किती, ते तिथे लिहिलेलं नाही. दिवाळीच्या तिकिटाचा आकडा बसतो तो या एका शब्दाच्या फटीत.

दर रोज का बदलतो, याचं मूळ मात्र भारताबाहेरचं आहे. अमेरिकन एअरलाइन्सने आयबीएमच्या मदतीने साठच्या दशकात ‘सेबर’ ही संगणकीय आरक्षण व्यवस्था उभारली. १९७८ मध्ये अमेरिकेने भाड्यावरचं सरकारी नियंत्रण उठवलं, आणि ‘पीपल एक्स्प्रेस’सारखी स्वस्त कंपनी गिऱ्हाईक पळवू लागल्यावर १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने उत्तर शोधलं. विमानातल्या सगळ्या जागा स्वस्त करायच्या नाहीत. थोड्या जागा अगदी स्वस्त ठेवून महिनाभर आधी विकायच्या. उरलेल्या अडलेल्या माणसासाठी राखायच्या. एकाच रांगेतल्या तिघांनी तीन वेगळे दर मोजलेले असतात ते यामुळे. आपल्याकडे १८० जागांच्या विमानातल्या जागा अशाच दहा-बारा दरांच्या कप्प्यांत वाटलेल्या असतात. खालचा कप्पा संपला की वरचा उघडतो. तुम्ही दोनदा शोधलंत म्हणून दर वाढला, अशी समजूत घराघरात आहे. बहुतेक वेळा मधल्या काळात कोणीतरी चार तिकिटं काढून कप्पा रिकामा केलेला असतो.

आपला सामान्य माणूस विमानात बसला तो २००३ नंतर. कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने एक रुपयाचं तिकीट काढलं, जेवण बंद केलं, आसन क्रमांकही काढून टाकले. चढताना जो आधी पोचेल त्याची खिडकी. पाठोपाठ २००५ मध्ये स्पाइसजेट आणि २००६ मध्ये इंडिगो आली. माझ्या मते आजच्या निम्म्या तक्रारींची जन्मतारीख हीच आहे, आणि तरीही तो सौदा वाईट नव्हता. ज्यांनी आयुष्यात विमान फक्त बिजासनच्या जत्रेत मान वर करून बघितलं होतं, ते आत बसले. भाडं कमी करायचं तर विमान जमिनीवर कमीत कमी वेळ थांबलं पाहिजे. उतारू उतरून नवे चढेपर्यंत अर्धा तास, आणि असं एकच विमान दिवसात पाच-सहा शहरं करणार. म्हणजे सकाळी दिल्लीत धुकं पडलं तर संध्याकाळी इंदूरच्या लख्ख उन्हात बसलेल्या माणसाचं विमान तीन तास उशिरा. त्याला पाटीवर ‘परिचालन कारणास्तव’ एवढंच वाचायला मिळतं. जुन्या व्यवस्थेत वेळापत्रकात सैल जागा असायची. ती सैल जागाच स्वस्त तिकिटासाठी विकली गेली.

पुढचा टप्पा २०१३ चा. नागरी विमान महासंचालनालयाने कंपन्यांना सेवा सुट्या करून विकायला परवानगी दिली. पसंतीचं आसन, खाणं, जादा सामान, आधी चढण्याची सोय, सगळ्याचे दर वेगळे. सामानाची मोफत मर्यादाही खासगी कंपन्यांत २० किलोवरून १५ वर आली. करोनात आणखी एक गोष्ट अंगवळणी पडली. २५ मार्च २०२० पासून बंद असलेली देशांतर्गत उड्डाणं २५ मे रोजी सुरू झाली तेव्हा वेब चेक-इन सक्तीचं होतं, संसर्ग टाळायला. संसर्ग ओसरला, सवय राहिली, आणि काउंटरवर बोर्डिंग पास मागितला तर कंपन्या वर पैसे मागू लागल्या. कारकुनाचं काम प्रवाशाने करायचं आणि नाही केलं तर दंडही त्यानेच भरायचा! जुलै २०२२ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने असे पैसे घेता येणार नाहीत असं बजावलं. तरी आपल्या भागातले कितीतरी वयस्कर लोक अजूनही नातवाला फोन करतात: ‘भिया, ते चेक-इन करून दे रे.’

सुरक्षा तपासणीची कथा वेगळी आहे. तिथे पैशाचा संबंध नाही, प्रत्येक नियमामागे एक भीती आहे. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं आयसी-८१४ हे विमान अपहरण करून कंदाहारला नेलं गेलं. त्यानंतर फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात करून विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेली. डिसेंबर २००१ मध्ये पॅरिसहून मायामीला जाणाऱ्या विमानात एकाने बुटात स्फोटकं दडवली, तेव्हापासून जगभर बुटांवर संशय. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघड झाला आणि १०० मिलिलिटरची मर्यादा आली. आईने दिलेली तुपाची बरणी हातातल्या पिशवीतून काढून घेतात ती त्या कटामुळे.

सुक्या खोबऱ्याचा नियम मात्र आपल्या माणसांना सगळ्यात चमत्कारिक वाटतो. लग्नाहून परतताना वाट्या-खोबरं बाजूला काढलं की वाद ठरलेला. पण सुकं खोबरं तेलकट असतं, कोंडून ठेवलं तर आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याची स्वतंत्र नोंद आहे. पॉवर बँक नेमकी उलट. ती हातातच ठेवायची, खालच्या सामानात द्यायची नाही, कारण लिथियम बॅटरी पेटली तर ती माणसांच्या डोळ्यांसमोर पेटलेली बरी. नियमांत लवचीकता येऊच शकत नाही असंही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये शबरीमलाला जाणाऱ्या भाविकांना ठराविक मुदतीपुरता हातातल्या सामानात नारळ नेऊ दिला. खटकतं ते एवढंच, की हे कारण रांगेत उभ्या माणसाला कोणी सांगत नाही. ‘अलाउड नाही’ म्हटलं की झालं.

उशीर आणि रद्द उड्डाणं यांबाबत प्रवाशाच्या बाजूचा नियम २०१० मध्ये आला आणि २०१६ मध्ये भरपाई वाढली. पुरेशी आधी सूचना न देता उड्डाण रद्द केलं आणि दुसरी सोय केली नाही, तर तासाभरापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपयांपर्यंत, दोन तासांपर्यंतच्या प्रवासाला ७,५०० पर्यंत, त्याहून मोठ्या प्रवासाला १०,००० पर्यंत. मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांची बेरीज त्याहून कमी असेल तर तेवढीच. जास्त तिकिटं विकून दारातून परत पाठवलं आणि तासाभरात दुसरं विमान दिलं नाही, तर २०,००० पर्यंत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खाणंपिणं द्यायला हवं. ऐकायला भारदस्त आहे. पण ‘कंपनीच्या नियंत्रणाबाहेरची असाधारण परिस्थिती’ असली की रोख भरपाई गळते, आणि परिस्थिती असाधारण होती की नाही हे पहिल्यांदा सांगते ती कंपनीच. त्यामुळे उशिराचं कारण लेखी मागून घ्यावं. एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार करताना तोच कागद कामाला येतो.

या सगळ्यावर कडी केली ती डिसेंबर २०२५ ने. वैमानिकांच्या थकव्याचा विचार करून नवे कामाचे तास ठरले होते: आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांऐवजी ४८, रात्री विमान उतरवण्याची मर्यादा सहा वेळांऐवजी दोन. दुसरा टप्पा १ नोव्हेंबरपासून लागू झाला. नियम योग्यच होता आणि तारीखही आधीपासून माहीत होती. तरी इंडिगोकडे पुरेसे वैमानिक नव्हते आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजारांवर उड्डाणं रद्द झाली. उरलेल्या तिकिटांचे भाव आभाळाला भिडले तेव्हा सरकारने अंतरानुसार कमाल भाडं ठरवलं, ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, आणि त्या कंपनीला नव्या नियमांतून तात्पुरती सूटही दिली. म्हणजे थकव्याचा नियम मागे सरकला. देशातल्या दर दहा प्रवाशांपैकी सहाहून अधिक जण एकाच कंपनीचे असले की सरकारच्या हातातही फारसं काही उरत नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा टाटांच्या झालेल्या एअर इंडियात विलीन झाली. कंपनी बंद पडली त्या दर वेळी आधी पैसे भरलेला प्रवासी घेणेकऱ्यांच्या रांगेत मागे उभा राहिला. आता पर्यायच दोन-तीन उरलेत.

इंदूरकराला हे जास्त लागतं त्याचं कारण जमिनीवर आहे. इंदूरहून पुण्याची रेल्वे उज्जैन, रतलाम, वडोदरा, सुरत, वसई असा गुजरातचा फेरा घालून कल्याणला येते. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाहीत, तर रेल्वे सगळे पैसे परत करते. विमानात पैसे परत मागण्याचा असा हक्क सहा तासांच्या उशिरानंतर मिळतो. थेट रेल्वेमार्ग नाही म्हणून लोक रात्रभर बसमध्ये अंग आखडून जातात, किंवा विमानाच्या कप्प्यांपुढे हात टेकतात. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, खर्च १८,०३६ कोटी रुपये. तो पुरा होऊन गाड्या धावू लागल्या, तर इंदूर-पुणे विमानाच्या वरच्या कप्प्यांना पहिल्यांदाच खरी स्पर्धा मिळेल.