जुना १०० एमबीपीएसचा स्विच अजून घ्यावा का?

गुहागर-मालवणकडे होमस्टे काढणारा माणूस वायरिंगच्या वेळी हमखास विचारतो, "१०० चा स्विच स्वस्तात मिळतोय, घेऊन टाकू?" हा दिव्याचा स्विच नव्हे, इंटरनेटची एक लाइन केबलींनी अनेक उपकरणांना वाटून देणारा डबा; १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, हा त्याचा वेग. हो किंवा नाही म्हणण्याआधी थोडं मागे जावं लागतं.

१०० एमबीपीएसच्या फास्ट इथरनेटचं, म्हणजे केबलवरच्या नेटवर्कचं, मानक १९९५ चं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने देशात इंटरनेट सर्वांना खुलं केलं, तेही डायलअपवर. साध्या तांब्याच्या केबलवरून गिगाबिट (१००० एमबीपीएस) नेण्याचं मानक १९९९ मध्ये आलं, पण आपल्याकडे घरात ते कोणाला हवं होतं? २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएसला (साधारण पाव एमबीपीएस) ब्रॉडबँड ठरवलं. म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाइनपेक्षा घरातला स्विच जवळजवळ चारशे पट वेगवान. तो कधी आड आलाच नाही.

हे गणित फायबरने फिरवलं. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओफायबर आलं तेव्हा त्यांचा सगळ्यांत खालचा प्लॅनच १०० एमबीपीएसचा होता. पुढच्या वर्षी लॉकडाऊनमध्ये चाकरमानी लॅपटॉप घेऊन गावी बसले आणि वाडीवाडीतून चांगल्या लाइनची मागणी सुरू झाली. १०० च्या पोर्टमधून (केबल खुपसायच्या खाचेतून) प्रत्यक्षात ९४-९५ एमबीपीएस मिळतात. प्लॅन ५० चा असेल तर जुना स्विच खुशाल घ्या. २०० चा असेल तर अर्धे पैसे पाण्यात.

कॅमेऱ्यांसाठी तर मी आजही १०० चाच सुचवतो. साधा आयपी कॅमेरा (नेटवर्कच्या केबलवर चालणारा) चारेक एमबीपीएस खातो आणि बहुतेक कॅमेऱ्यांचा स्वतःचा पोर्टही १०० चाच असतो. शिवाय खारी हवा. समुद्राजवळ आरजे-४५ च्या, म्हणजे केबलच्या टोकाच्या प्लगच्या, पिना हिरवट पडतात. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या धड लागतात, १०० ला दोनच पुरतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी पिन गेली की महागडा गिगाबिट स्विचही निमूट १०० वर उतरतो आणि मालकाला पत्ता नसतो. त्यामुळे स्विच बदलण्याआधी टोकं कापून नवे प्लग क्रिम्प करून (दाबून बसवून) बघावेत.

वाय-फायचं तसं नाही. तिथे जुनं म्हणजे जुनंच. २००३ च्या ५४ एमबीपीएसवाल्या पिढीचा राऊटर फुकट मिळाला तरी नको. गणपतीत घरात पंचवीस फोन जमले की तो मान टाकतो. त्याहून मोठी अडचण सुरक्षेची: २०१७ मध्ये डब्ल्यूपीए-२ या वाय-फायच्या सुरक्षा पद्धतीतली त्रुटी उघड झाली, तेव्हा बऱ्याच जुन्या राऊटरांना दुरुस्तीचं अपडेट आलंच नाही. चिऱ्याच्या जाड भिंतीतून २.४ गीगाहर्ट्झचा सिग्नल ५ पेक्षा बरा जातो हे खरं, पण नव्या राऊटरांतही तो असतोच.

राहिली वीज. मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरात कडाडते तेव्हा घरापासून पोफळीतल्या कॉटेजपर्यंत उघड्यावरून नेलेली तांब्याची केबल दोन्हीकडचे पोर्ट जाळू शकते. तेवढ्या टप्प्यात फायबर टाकून टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे डबे) लावावेत. १०० चे जुने इथे चालून जातात. फक्त जोडी सारखी हवी. एका टोकाला १०० चा आणि दुसऱ्याला गिगाबिटचा लावला, तर फायबर शाबूत असूनही लिंक लागत नाही.