कलम ६६अ कधीच मेलंय, फॉरवर्ड मात्र जिवंत आहे

निवडणुका आल्या की सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास येतो: 'सावधान! वादग्रस्त पोस्ट टाकल्यास आयटी कायद्याच्या कलम ६६अ खाली ३ वर्षं तुरुंग.' हे चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं.

खटल्याचं मूळ आपल्याकडेच, पालघरात. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते फक्त 'लाइक' केलं. दोघींनाही अटक झाली. (लाइकसाठी अटक! आज सांगितलं तर मुलांना खरं वाटत नाही.) याचिका मात्र त्या दोघींची नव्हती; ती दिल्लीच्या श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने केली. कलमातल्या 'त्रासदायक', 'गैरसोयीचं' अशा शब्दांना धड व्याख्याच नाही, मग गुन्हा कशाला म्हणायचं, हा न्यायालयाचा मुख्य आक्षेप.

मग गैरसमज टिकला कसा? कायद्याच्या छापील प्रतीत कलम जसंच्या तसं राहिलं, रद्द झाल्याची नोंद खाली तळटीपेत. तळटीप कोण वाचतो? पोलीसही गुन्हे नोंदवत राहिले. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका.

बदनामी, धमकी, दोन समाजांत तेढ लावणं यांची कलमं वेगळी आहेत आणि ती लागू आहेत.