दुसरा बळी (वैद्यकीय चूक)

उपचारांत चूक होऊन रुग्णाला इजा झाली किंवा तो दगावला, की ज्याच्या हातून ती चूक झाली तो डॉक्टरही मनाने खचतो. अशा डॉक्टरला वा परिचारिकेला ‘दुसरा बळी’ म्हणतात; पहिला बळी अर्थातच रुग्ण आणि त्याचे घरचे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील डॉ. अल्बर्ट वू यांनी मार्च २००० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील एका छोट्या लेखातून ही संज्ञा पुढे आणली.

वू स्वतः शिकाऊ डॉक्टर असतानाची गोष्ट त्यात आहे. एका रुग्णाच्या हृदयाभोवतीच्या आवरणात द्रव साचून हृदय दाबले जात होते. ईसीजीवर त्याच्या खुणा होत्या, पण दुसऱ्या एका रेसिडेंटला (निवासी शिकाऊ डॉक्टरला) त्या ओळखता आल्या नाहीत आणि रात्री उशिरा रुग्णाला तातडीने ऑपरेशनला न्यावे लागले. बातमी झपाट्याने पसरली. बरोबरीच्या डॉक्टरांनी आपसांत पुन्हा पुन्हा खटला चालवून त्याला नालायक ठरवले. वू यांना मात्र आतून वाटत राहिले, ‘तो ईसीजीचा कागद माझ्या हाती आला असता तर?’ या विषयाचे मर्म त्याच प्रश्नात आहे, आणि बहुतेक रुग्णालयांत तो मनातच राहतो.

अमेरिका व कॅनडातील तीन हजारांहून अधिक डॉक्टरांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. चुकीनंतर ६१ टक्क्यांना पुढच्या चुकीची धास्ती वाटू लागली होती, ४४ टक्क्यांचा आत्मविश्वास कमी झाला होता आणि ४२ टक्क्यांची झोप उडाली होती. थोडक्यात निभावलेल्या चुकीनेही अनेकांना असाच त्रास झाला. मिसुरी विद्यापीठातील सुझन स्कॉट आणि सहकाऱ्यांनी ३१ जणांच्या मुलाखतींतून या अवस्थेचे सहा टप्पे मांडले (२००९). शेवटच्या टप्प्यावर तीन वाटा फुटतात : कोणी ते काम सोडतो, कोणी कसाबसा टिकतो, कोणी त्यातून शिकून उभा राहतो. कोण कुठल्या वाटेने जाईल, यात सहकाऱ्यांच्या वागण्याचा मोठा वाटा असतो. तिथल्या रुग्णालयात म्हणूनच प्रशिक्षित सहकाऱ्यांचे आधारपथक उभारले गेले.

व्यवसायावरचा परिणाम लगेच नजरेत भरत नाही. धास्तावलेला डॉक्टर गरज नसताना तपासण्या लिहून देतो, जोखमीचा रुग्ण पुढे पाठवतो, केसपेपर स्वतःच्या बचावासाठी लिहू लागतो. त्याची किंमत शेवटी रुग्णच मोजतो.

भारतात यात कायद्याची भीती मिसळते. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. त्याच न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यातील निकालाने फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणाची अट घातली; साधी चूक किंवा अंदाज चुकणे म्हणजे गुन्हा नव्हे. तरी ‘चुकलो’ म्हणताना डॉक्टरची जीभ अडखळते, कारण तोच शब्द उद्या पुरावा होईल असे त्याला वाटते. नातेवाइकांना मात्र बहुतेकदा आधी हवे असते ते नेमके काय घडले याचे सरळ उत्तर.

‘बळी’ या शब्दावर आक्षेपही आहे. ज्याच्या हातून इजा झाली त्यालाच बळी म्हटल्याने जबाबदारी झाकली जाते, असे सांगून तो टाकून देण्याची मागणी २०१९ मध्ये त्याच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये झाली. आक्षेप रास्त आहे, आणि शब्द बदलला तरी त्या डॉक्टरला दुसऱ्या दिवशी सकाळी राऊंड घ्यायचाच असतो.