वृद्धसेवा आणि तिचा खर्च (नागपूर)

वृद्धसेवा म्हणजे वार्धक्यामुळे रोजच्या व्यवहारांत दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागणाऱ्या व्यक्तीला मिळणारी मदत. अंघोळ घालणे, जेवू घालणे, शौचाला नेणे, वेळेवर गोळ्या देणे आणि पडू न देणे ही तिची मुख्य कामे असून औषधोपचार हा तिचा केवळ एक भाग आहे. भारतीय कायद्यानुसार ६० वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरते; सेवेची खरी गरज मात्र बहुधा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुरू होते. आरोग्यविमा आणि शासनाच्या आरोग्य योजना रुग्णालयातील उपचारांसाठी आखलेल्या आहेत, तर वार्धक्यातला दीर्घकाळ चालणारा खर्च घरी सोबत राहणाऱ्या माणसाच्या तासांचा असतो. हा खर्च जवळपास पूर्णपणे कुटुंबाच्याच खिशातून जातो, आणि त्याचा हिशेब आधी मांडलेला नसेल तर तो कुटुंबावर अचानक येऊन आदळतो.

नागपुरात या प्रश्नाला दोन टोके आहेत. रेल्वे, वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय, अंबाझरीचा आयुध निर्माणी कारखाना, वायुसेनेचे मेंटेनन्स कमांड आणि केंद्राची अनेक कार्यालये यांमुळे शहरात निवृत्तिवेतनधारकांचा मोठा वर्ग आहे. त्यांची मुले बहुधा पुणे, हैदराबाद, बंगळूर किंवा परदेशात असतात. लक्ष्मीनगर, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर अशा वस्त्यांत दोनच म्हातारी माणसे राहत असलेली घरे सहज दिसतात. दुसऱ्या टोकाला पूर्व आणि मध्य नागपुरातील विणकर, हमाल, घरकामगार आणि बंद पडलेल्या एम्प्रेस व मॉडेल गिरण्यांतील जुने कामगार आहेत. खासगी नोकरीतून निवृत्त झालेल्यांना लागू असलेल्या १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून दरमहा १,००० रुपये आहे. पहिल्या वर्गाजवळ पैसा असतो पण माणूस नसतो, आणि दुसऱ्याजवळ माणूस असला तरी त्या माणसाला रोजी बुडवून घरी बसणे परवडत नाही.

घरी राहून सेवा घेणे हाच बहुतेकांचा पहिला पर्याय असतो. सून किंवा मुलगी हे काम करते तेव्हा त्याची किंमत कोणी मोजत नाही, आणि ती मोजली जात नाही म्हणूनच ते स्वस्त वाटते. घरचे माणूस पुरेनासे झाले की ‘बाई लावली’ जाते. ती ओळखीतून मिळते किंवा ब्यूरोतून, म्हणजे घरी सेवेला माणसे पुरवणाऱ्या संस्थेतून, येते. पुरुष रुग्णासाठी वॉर्डबॉय मागवतात. काम १२ तासांच्या ‘ड्यूटी’वर ठरते आणि दिवसाची व रात्रीची ड्यूटी वेगळी धरली जाते. ब्यूरोने पाठवलेली प्रत्येक बाई प्रशिक्षित परिचारिका असतेच असे नाही, त्यामुळे लघवीची नळी, नाकातून अन्न देण्याची नळी किंवा इन्सुलिन हाताळायचे असेल तर तसे आधी स्पष्ट सांगून त्या कामाचे शिक्षण घेतलेली व्यक्तीच मागावी लागते. सुट्टीच्या दिवशी बदली कोण देणार, जेवण कोणाकडे, ब्यूरोचे कमिशन किती, ओळखपत्राची प्रत आणि पोलीस पडताळणी झाली आहे का, हे पहिल्याच दिवशी लिहून घेणे हिताचे असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा भर दुपारी ये-जा टळावी म्हणून ड्यूटीच्या वेळा पुढेमागे कराव्या लागतात. वृद्धांना तहान उशिरा लागते, म्हणून या दिवसांत कूलरमध्ये पाणी भरणे आणि दर थोड्या वेळाने पाणी पाजणे हेसुद्धा सेवेचेच काम ठरते.

खर्चाचा अंदाज येण्यासाठी साधा हिशेब करता येतो. समजा, एका ड्यूटीचे ७०० रुपये ठरले, तर एका ड्यूटीचे महिन्याला २१,००० आणि दिवसरात्र मिळून ४२,००० रुपये होतात. आता मिळकतीची बाजू पाहावी. पोस्टात किंवा बँकेत उघडता येणाऱ्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला जास्तीत जास्त ३० लाख रुपये ठेवता येतात. ही मर्यादा एप्रिल २०२३ मध्ये १५ लाखांवरून वाढवण्यात आली. त्याच वेळी ठरलेल्या ८.२ टक्के दराने पूर्ण रकमेवर तिमाहीला ६१,५०० म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये व्याज मिळते. आयुष्यभराच्या ३० लाखांच्या बचतीचे व्याज एका ड्यूटीलाही पूर्ण पुरत नाही, हे ध्यानात घेऊनच पुढचे नियोजन करावे लागते. पती आणि पत्नी दोघांना वेगवेगळी खाती उघडता येतात, आणि खाते उघडतेवेळचा दर पाच वर्षे कायम राहतो. केंद्रीय निवृत्तिवेतनधारकांच्या मूळ निवृत्तिवेतनात ८० व्या वर्षी २० टक्के, ८५ व्या वर्षी ३० टक्के, ९० व्या वर्षी ४० टक्के आणि ९५ व्या वर्षी ५० टक्के वाढ मिळते. शंभरीला ते दुप्पट होते. सेवेची गरज वाढते त्याच वयात उत्पन्न वाढवणारी ही दुर्मीळ तरतूद आहे. राहते घर स्वतःच्या नावावर असलेल्या ६० वर्षांवरील व्यक्तीला ते बँकेकडे गहाण ठेवून दरमहा रक्कम घेण्याची सोय २००७ पासून आहे. हयातीत घर सोडावे लागत नाही. तरीही घर मुलांसाठीच राखायचे या भावनेमुळे ही सोय फारच थोडे लोक घेतात. अपत्यहीन किंवा एकट्या राहणाऱ्या व्यक्तीने तिचा गंभीरपणे विचार करावा, असे या नोंदीचे मत आहे.

वृद्धाश्रम हा दुसरा मार्ग. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये नागपुरात सुरू केलेल्या मातृसेवा संघाचा पंचवटी वृद्धाश्रम शहराच्या परिचयाचा आहे. राज्य शासनाने १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. जिल्ह्यात आदासा येथे असा आश्रम आहे. खासगी निवासांत अनामत रक्कम आणि मासिक शुल्क घेतले जाते. प्रवेशापूर्वी विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न खोलीविषयीचा नसून पुढच्या अवस्थेविषयीचा असतो, कारण अनेक आश्रम चालत्याफिरत्या व्यक्तीलाच घेतात आणि ती अंथरुणाला खिळली किंवा तिला स्मृतिभ्रंश झाला की घरी न्यायला सांगतात. तेव्हा अनामत परत मिळेल का, रात्री परिचारिका असते का आणि रुग्णालयात कोण नेणार, याची उत्तरे लेखी घ्यावीत.

रुग्णालयाच्या खर्चाची बाजू त्या मानाने भक्कम आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत वय वंदना कार्ड मिळते आणि कुटुंबातील अशा ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे, रुग्णालयात दाखल होऊन घ्यायचे उपचार मोफत होतात; जुने आजारही पहिल्या दिवसापासून त्यात येतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची व निवृत्तांची आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची योजना असलेल्यांना दोहोंपैकी एकच निवडावी लागते, खासगी विमा असलेल्यांना मात्र तशी अट नाही. शासकीय सेवेसाठी ‘मेडिकल’ (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), ‘मेयो’ (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) यांची रुग्णालये आणि मिहान परिसरातील एम्स आहेत. खासगी रुग्णालयांची दाटी धंतोली व रामदासपेठेत असली तरी त्यांतील कोणते रुग्णालय योजनेत आहे, हे दाखल होण्यापूर्वीच पाहावे लागते. एप्रिल २०२४ पासून नवा आरोग्यविमा घेण्यासाठी ६५ वर्षांची अट उरलेली नाही. यांपैकी कशातूनही घरच्या बाईचा पगार, डायपर किंवा महिनोन्‌महिने चालणारी फिजिओथेरपी सहसा मिळत नाही.

उत्पन्न नसलेल्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. वय ६५, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत आणि राज्यात १५ वर्षांचे वास्तव्य या तिच्या अटी असून दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो. २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत वार्षिक उत्पन्न २ लाखांपर्यंत असलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तीला चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची यांसाठी एकदाच ३,००० रुपये दिले जातात. वरच्या हिशेबात १,५०० रुपये म्हणजे दोन ड्यूटींहून थोडे अधिक, आणि गरीब घरांतील म्हाताऱ्या माणसांची सेवा का होत नाही याचे उत्तर मुलांच्या मनापेक्षा या आकड्यात अधिक सापडते.

मुले ऐपत असूनही सांभाळत नसतील तर २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याण अधिनियमाखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो, आणि अपत्य नसलेल्या व्यक्तीला तिच्या मालमत्तेचा वारस होणाऱ्या नातेवाइकाकडूनही तो मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, कलम २३ नुसार परत मिळवता येते. म्हणून ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट शब्दांत लिहिलेली असावी. मदतीसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल तर कागदपत्रांची घाई करणे आवश्यक असते, कारण मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते पत्र निरुपयोगी होते आणि पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागते. तोपर्यंत त्याच्या एकट्याच्या नावावरील खात्यातून त्याच्याच सेवेसाठी पैसे काढणे घरच्यांना अवघड होऊन बसते.