मोयामोया आणि मेंदूतला रक्तस्राव : दुर्बिणीच्या ऑपरेशनविषयी नातेवाइकांसाठी माहिती

मोयामोया आजारात मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या कवटीच्या तळाशी अरुंद होत जातात. मग तूट भरून काढायला बारीक वाहिन्यांचं जाळं तयार होतं. अँजिओग्राफीत ते धुरासारखं दिसतं, म्हणून १९६९ मध्ये जपानी डॉक्टरांनी हे नाव दिलं. मोठ्या माणसांत या नाजूक वाहिन्या फुटतात आणि रक्त बरेचदा मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांत उतरतं. गुठळीने पाण्याची वाट अडली की दाब वाढतो, पेशंट गुंगीत जातो. दुर्बिणीचं ऑपरेशन ही वाट मोकळी करण्यासाठी आहे. मूळ आजार त्याने जात नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो.

कपाळावर, केसांच्या आत, मधल्या रेषेपासून साधारण ३ सेंटिमीटर बाजूला कवटीला छिद्र करतात. त्यातून पारदर्शक नळी पोकळीपर्यंत जाते आणि नळीतून दुर्बीण व सक्शन. कोमट सलाइनने सतत धूत गुठळी थोडीथोडी ओढून घेतात. बारीक झिरपणं बहुतेक वेळा धुण्यानेच थांबतं. भिंतीला घट्ट चिकटलेला तुकडा मात्र आम्ही मुद्दाम सोडतो, कारण फुटलेली वाहिनी त्याच्याच मागे असू शकते. नंतरच्या सिटी स्कॅनमध्ये थोडं रक्त दिसलं तर ऑपरेशन अर्धवट झालं असं समजू नका.

कानासमोर बोट ठेवलं की उडते ती धमनी जपून छेद घ्यावा लागतो, कारण पुढे बायपासला, म्हणजे डोक्याच्या कातडीतली धमनी मेंदूतल्या धमनीला जोडण्याच्या ऑपरेशनला, तीच लागते. आधी दुसरीकडे डोक्याचं ऑपरेशन झालं असेल तर टाक्यांची जागा नक्की दाखवा.

बहुतेक वेळा काही दिवस डोक्यातून पाणी काढणारी नळी ठेवतात. बाटलीची उंची कानाच्या छिद्राच्या पातळीवरून ठरवलेली असते. जेवू घालायला म्हणून कुणी पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली, की पाणी एकदम जास्त वाहतं आणि पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. आधी सिस्टरांना बोलवा, त्या नळी बंद करतील, मगच पलंग हलवा.

बीपी वाढलेलं चालत नाही, तसं फार उतरलेलंही नाही. अरुंद धमन्यांतून रक्त पुढे जात नाही आणि लकवा होतो. म्हणून घरी डोकं दुखलं तरी जिभेखाली बीपीची गोळी देऊ नका, सरळ दवाखाना गाठा. अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पोहोचताच सांगा. अंगातलं पाणी कमी झालं तरी लकव्याचा धोका आहे. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी बाहेर पडू नये, आणि निर्जळी उपवास तर अजिबात नको.

पुन्हा रक्तस्राव टाळण्यासाठी बायपासचा विचार, सहसा तब्येत सावरल्यावर काही आठवड्यांनी करतात. जपानमध्ये ८० प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१४) पुन्हा रक्तस्रावाचं प्रमाण बायपासशिवाय वर्षाला ७.६ टक्के आणि बायपासनंतर २.७ टक्के होतं. पेशंट चालता-बोलता झाला की बायपाससाठीची तपासणी राहून जाते. सुट्टी घेतानाच तारीख कार्डावर लिहून घ्या. चंद्रपूर-गडचिरोलीकडून येणाऱ्यांनी अँजिओग्राफी आणि भेट एकाच फेरीत मागून घ्यावी, आणि येताना नुसता रिपोर्ट नाही, जुन्या स्कॅनची सीडीही आणावी.