लस किती बनवायची, हा प्रश्न कोणाचा?

व्यवस्थापन शाळेत पुरवठा साखळी आणि सार्वजनिक धोरण हे विषय एकाच विभागात पाहून अनेकांना नवल वाटते. एक कारखानदाराचा, तर दुसरा सरकारचा, असा आपला समज असतो. फ्लूच्या लशीचा विचार करू लागले की हा समज टिकत नाही.

उत्तर गोलार्धातील आगामी हंगामासाठी लशीत विषाणूचे कोणते वाण असावेत, याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीच्या सुमारास करते. बहुतांश लस आजही कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून तयार होते आणि त्याला सुमारे सहा महिने लागतात. म्हणजे मागणीचा पत्ता नसतानाच उत्पादन सुरू करावे लागते, आणि उरलेल्या मात्रा पुढच्या वर्षी बहुधा टाकूनच द्याव्या लागतात.

या कोंडीला अभ्यासक ‘वर्तमानपत्र विक्रेत्याचा प्रश्न’ म्हणतात. विकलेल्या अंकावरचा नफा हा न विकलेल्या अंकावरील तोट्याच्या तिप्पट असेल, तर चारपैकी तीन दिवस पुरेल एवढा साठा ठेवणे विक्रेत्याच्या हिताचे असते. (या विचाराचे मूळ मात्र बँकेने रोकड किती ठेवावी, या अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी 1888 मध्ये केलेल्या विवेचनात आहे.) लशीच्या बाबतीत हेच गणित समाजाला अपुरे पडते, कारण लस टोचून घेणाऱ्यामुळे त्याच्या सहवासातील इतरांचेही संरक्षण होते आणि हा लाभ उत्पादकाच्या वहीत कोठेच जमा होत नाही.

ऑक्टोबर 2004 मध्ये ब्रिटिश नियामकाने कायरॉन कंपनीच्या लिव्हरपूल येथील कारखान्याचा परवाना जिवाणूदूषणामुळे स्थगित केला. अमेरिकेत टोचायच्या लशीचा जवळजवळ सारा पुरवठा तेव्हा दोनच कंपन्यांवर अवलंबून होता. परिणामी त्या देशाचा अपेक्षित साठा एका दिवसात निम्म्यावर आला, आणि वृद्ध, बालके व दीर्घकालीन रुग्ण यांना आधी लस द्यावी, असे आरोग्य यंत्रणेला सांगावे लागले.

उरलेल्या मात्रा सरकारने विकत घ्याव्यात, हा उपाय सहज सुचतो; पण तो अपुरा आहे. उत्पादकाला मागणीइतकीच उताऱ्याचीही धास्ती असते, कारण एका अंड्यातून किती लस निघेल हे वाणानुसार बदलते. स्टीफन चिक, हमेद ममानी आणि डेव्हिड सिम्ची-लेवी यांनी 2008 मध्ये हेच गणिताने मांडले: मोबदला केवळ हाती आलेल्या मात्रांवर न देता उत्पादनासाठी घातलेल्या खर्चाचाही काही वाटा खरेदीदाराने उचलला, तरच दोघांचे हित एका दिशेला वळते. मला या निष्कर्षाची खरी अडचण गणितापलीकडे दिसते. खर्च वाटून घ्यायचा तर तो नेमका किती झाला, हे सरकारला तपासता आले पाहिजे, आणि आपले हिशेब उघडे करण्यास कोणतीही कंपनी आपण होऊन तयार होत नाही.